नोंद आणि निवेदन : पाळतीविषयीचा एक नैतिक प्रश्न

'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण मराठीत इतकी रुळलेली आहे की, पाळत, झडती किंवा चौकशी यांविषयी कोणी हरकत घेतली म्हणजे ती युक्तिवादाच्या ठिकाणी वापरली जाते आणि वाद तेथेच संपतो. म्हणीतला 'कर' म्हणजे करणी, कृत्य. ज्याने करू नये ते केलेले नाही त्याला पाहणाऱ्याच्या नजरेचे भय वाटण्याचे कारण नाही, असा तिचा आशय. या आशयात दोन गृहीते दडलेली आहेत. पाहणारा कृत्य पाहतो, हे पहिले. आणि जे पाहिले तेच तो लिहून ठेवतो, हे दुसरे. दूरध्वनी चोरून ऐकण्यापासून चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांपर्यंतच्या साधनांविषयीची आजची बहुतेक चर्चा पहिल्या गृहीताभोवती फिरते : किती पाहावे, कोणाच्या परवानगीने पाहावे, पाहिलेले किती दिवस जपून ठेवावे. दुसऱ्या गृहीताकडे ज्यांचे लक्ष जावयास हवे त्या साहित्याच्या अभ्यासकांनी हा विषय आपला मानलेला दिसत नाही. वस्तुतः पाळतीची परिणती लेखनात होत असते. हजेरीपट, रोजनामा, गुप्त अहवाल, 'हिस्ट्रीशीट' हे सारे लेखनप्रकार आहेत. त्यांना निवेदक असतो, पात्र असते, बहुधा कथानकही असते. असे असेल तर नैतिक प्रश्न थोडा निराळ्या रीतीने मांडावा लागतो. माणसाविषयी त्याच्या पाठीमागे लिहिल्या गेलेल्या आणि त्याला कधीही वाचावयास न मिळणाऱ्या संहितेमुळे त्याचे नेमके काय हिरावले जाते?

म्हणीची खरी कसोटी १८७१ च्या 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट'मध्ये लागते. या कायद्याने एखादी जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून घोषित करण्याचा अधिकार सरकारला दिला. एकदा घोषणा झाली की जमातीतील माणसांची नावे नोंदवहीत घालावयाची, त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, गाव सोडावयाचे तर परवाना घ्यावयाचा. घोषणा योग्य की अयोग्य हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना ठेवलेला नव्हता. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला आणि बोटांचे ठसे घेण्याची तरतूदही त्यात आली. मुंबई इलाख्यातील कैकाडी, पारधी, भामटे अशा अनेक समूहांच्या वाट्याला तो आला. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली आणि 'सेटलमेंट' हा शब्द त्या शहराच्या भूगोलात रुतून बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तोवर त्याखाली तीन-चार पिढ्या गेल्या होत्या. येथे 'कर' आणि 'डर' यांचा क्रम उलटा आहे. कृत्य घडले म्हणून नोंद झाली नाही. नोंद आधी झाली, आणि पुढील आयुष्यात जे काही घडेल त्याला त्या नोंदीच्या प्रकाशात कृत्याचे रूप यावयाचे होते. पोलिसी पंचनाम्याच्या मराठीत माणूस 'इसम' असतो आणि तो भेटत किंवा दिसत नाही, 'मिळून येतो'; हरवलेली किंवा लपविलेली वस्तू मिळून यावी तसा. या क्रियापदातच निम्मा निकाल लागलेला असतो.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. या आत्मकथनांविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. अनुभवाची दाहकता, बोलीचा अस्सलपणा, अपरिचित जगाचे दर्शन हे मुद्दे आता पाठ्यपुस्तकी झाले आहेत. एक गोष्ट मात्र नजरेतून सुटली. ही आत्मकथने कोऱ्या कागदावर लिहिली गेलेली नाहीत. ज्यांच्याविषयी आजवर काहीच लिहिले गेले नव्हते अशा माणसांनी प्रथमच लेखणी उचलली, असे जे म्हटले जाते ते विमुक्त जमातींच्या बाबतीत खरे नाही. त्यांच्याविषयी भरपूर लिहिलेले होते. नाव, बापाचे नाव, वय, अंगावरच्या खुणा, राहण्याचे ठिकाण, येणेजाणे यांच्या नोंदी ठाण्याठाण्यांतून साठत होत्या. 'उचल्या'मध्ये पोलीस घरात शिरतात, झडती घेतात, माणसांना मारतात. त्या प्रसंगांत घराला दार असून नसल्यासारखे आहे, हे कोणत्याही वाचकाला जाणवते. तितकेसे न जाणवणारे हे की, अशा प्रसंगांचा एक वृत्तान्त दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या क्रियापदांनी, लिहून ठेवण्याची व्यवस्था आधीच अस्तित्वात होती. म्हणून ही पुस्तके आत्मनिवेदने जितकी आहेत तितकीच ती प्रतिनिवेदने आहेत. समीक्षेने त्यांना 'सामाजिक दस्तऐवज' म्हणून गौरविले. गौरव करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता; परंतु दस्तऐवजातून बाहेर पडण्यासाठी ज्याने लिहिले त्याचे लेखन पुन्हा दस्तऐवजांच्याच कपाटात नेऊन ठेवण्याची ही रीत झाली. 'हे खरोखर घडले काय', 'इतके घडले काय' अशी जी पडताळणी आत्मकथनांच्या वाट्याला वारंवार आली आणि कादंबरीच्या वाट्याला सहसा येत नाही, तिचे नाते वाङ्मयीन मूल्यमापनापेक्षा जबानी घेण्याशी अधिक जवळचे आहे.

नोंदीतील तपशील खोटे असले तर अन्याय होतो हे कोणीही मान्य करील. पण तपशील अचूक असतील तर? मिखाईल बाख्तिनने दस्तयेव्हस्कीवरील ग्रंथात (१९२९, सुधारित आवृत्ती १९६३) या प्रश्नाला अप्रत्यक्ष पण निर्णायक असे उत्तर दिलेले आहे. जिवंत माणूस स्वतःशी कधीच तंतोतंत जुळत नाही, त्याच्याविषयीचा अखेरचा शब्द अद्याप उच्चारला जावयाचा असतो आणि तो उच्चारण्याचा अधिकार त्याचा असतो, ही बाख्तिनची धारणा आहे. त्यामुळे त्याच्या अपरोक्ष, त्याला उद्देशून न बोलता, त्याच्याविषयी काढलेले निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून असले तरी त्याच्या माणूसपणाला स्पर्श करताच ते खोटे पडतात आणि त्याला हीन करतात. दस्तयेव्हस्कीची पात्रे आपल्याविषयीच्या प्रत्येक व्याख्येशी झगडतात, ती व्याख्या चुकीची असते म्हणून नव्हे, तर ती दुसऱ्याने परस्पर पूर्ण केलेली असते म्हणून. बाख्तिनला डिसेंबर १९२८ मध्ये अटक झाली होती आणि पुढे कझाखस्तानात हद्दपारी सोसावी लागली, हा चरित्रात्मक तपशील त्याच्या सिद्धान्ताचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. तरीही 'पाठीमागे बोललेले सत्य' ही कल्पना त्या काळातील सोव्हिएत रशियात केवळ कादंबरीशास्त्राची होती, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

अर्थात या विचाराचा विस्तार सरसकट नोंदींच्या विरोधापर्यंत नेता येत नाही. नोंदीवाचून रुग्णालय चालत नाही, शाळा चालत नाही, रेशनचे दुकानही चालत नाही. भेद दुसरीकडे आहे. सातबाराच्या उताऱ्यावर फेरफार नोंदवावयाचा असेल तर हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकतीसाठी मुदत द्यावी लागते, हरकत आलीच तर तिची सुनावणी करावी लागते आणि मगच नोंद प्रमाणित होते. तलाठ्याच्या दप्तराविषयी शेतकऱ्याच्या तक्रारी पुष्कळ असतील. पण ती संहिता त्याला वाचता येते आणि तिच्यावर बोलता येते, हे तत्त्व कायद्याने मान्य केलेले आहे. जमिनीच्या बाबतीत जी काळजी महसूल संहितेने घेतली ती माणसाच्या चारित्र्यातील फेरफाराच्या बाबतीत मात्र कोणी घेतली नाही. पोलीस ठाण्यातील नोंदीचा विषय झालेला माणूस त्या संहितेतील पात्र असतो. निवेदक तो नसतोच, वाचकही नसतो. खासगीपणाच्या हक्काचा गाभा गुपित राखण्यात आहे असे समजले की 'डर कशाला' हा प्रश्न बिनतोड वाटतो. तो गाभा स्वतःच्या आयुष्याच्या निवेदनात वाटा असण्यात आहे असे मानले तर त्या प्रश्नाचे बळ सरते.

पाळतीचा विषय निघाला की फूको आणि बेंथॅमचा मनोरा यांचा उल्लेख आता अपरिहार्य झाला आहे. बेंथॅमने १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेली वर्तुळाकार तुरुंगाची योजना फूकोने १९७५ च्या ग्रंथात आधुनिक सत्तेचे प्रारूप म्हणून मांडली, आणि तेव्हापासून मनोऱ्याची प्रतिमा इतकी वापरली गेली की त्याच ग्रंथातील दुसरे, साहित्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे निरीक्षण मागे पडले. एके काळी लिहिले जाणे हा राजेरजवाड्यांचा मान होता. शिस्तीच्या युगात तो क्रम फिरला आणि मूल, रोगी, वेडा, कैदी यांची चरित्रे लिहिली जाऊ लागली, ती त्यांना मान म्हणून नव्हे, त्यांच्यावर ताबा म्हणून, असे ते निरीक्षण आहे. १९७७ च्या 'अप्रसिद्ध माणसांची आयुष्ये' अशा आशयाच्या निबंधात फूको एक पाऊल पुढे गेला. सत्तेशी ज्या क्षणी टक्कर झाली तेवढ्याच क्षणापुरते कागदावर उरलेले सामान्य लोक हा त्याचा विषय. त्या क्षणावाचून ते पूर्णतः विस्मृतीत गेले असते. हे कागद वाचताना आपल्याला लाभणारा रोमांच फूको लपवीत नाही. त्या रोमांचाची किंमत कोणी दिली हा प्रश्न मात्र तो फार लवकर सोडून देतो.

भारतात या प्रश्नाला न्यायालयीन रूप आले ते खडकसिंग खटल्यात. उत्तर प्रदेशातील या इसमाला १९४१ मध्ये एका दरोड्याच्या प्रकरणात पकडले होते आणि पुराव्याअभावी सोडून दिले होते. म्हणजे न्यायालयाच्या भाषेत 'कर' सिद्ध झालेला नव्हता. परंतु पोलिसांनी त्याच्या नावाने 'हिस्ट्रीशीट' उघडले. हा शब्दच बोलका आहे. भविष्यावर नजर ठेवण्यासाठी उघडलेल्या कागदाला 'इतिहास' म्हणावयाचे. राज्याच्या पोलीस नियमावलीनुसार घरावर गुप्त पहारा, रात्री-अपरात्री घरी येऊन खात्री करणे, हालचालींची खबर चौकीदारांकडून वर पाठविणे, ठरावीक काळाने चौकशी करणे हे सारे त्याच्या बाबतीत चालू राहिले. डिसेंबर १९६२ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने रात्री घरी येऊन खात्री करण्याचा भाग तेवढा रद्द केला. शरीराला धक्का लावणारे तेवढेच अवैध ठरले. बाकीची पाळत, आणि तिचे लेखन, चालू ठेवण्यास हरकत नव्हती, कारण खासगीपणाचा हक्क घटनेत लिहिलेला नाही.

न्या. सुब्बा राव यांनी न्या. शहा यांच्यासह भिन्नमत नोंदविले. पोलिसाच्या रोखलेल्या नजरेखाली होणारी हालचाल मुक्त म्हणता येत नाही आणि अशा माणसाला सारा देशच तुरुंग होतो, असा त्यांचा आशय होता. हे भिन्नमत वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावे असे आहे. त्याचे कारण त्याची शैली नव्हे. बहुमत शरीर आणि घर यांच्या सीमेवर थांबते, तर सुब्बा राव सीमा ओलांडून मनात शिरतात : पाळतीखालचा माणूस स्वतःच आपल्या कृती दुसऱ्याच्या नजरेने रचू लागतो, आणि अभिव्यक्तीला बाधा येते ती बोलण्याच्या आधी. निवेदनशास्त्राच्या भाषेत म्हणावयाचे तर माणसाचे आत्मगत हळूहळू तृतीयपुरुषी होत जाते. हे भिन्नमत योग्य होते हे मान्य होण्यास २०१७ उजाडावे लागले. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि खडकसिंग निकालातील विरोधी भाग रद्द ठरविला.

या हक्काला मराठीत 'खासगीपणा' म्हणावे की 'एकांताचा हक्क' म्हणावे याविषयी एकवाक्यता नाही, आणि ती नसण्याला कारण आहे. 'खासगी' हा अरबी मुळाचा शब्द मराठेशाहीच्या दप्तरात राज्यकर्त्याच्या स्वतःच्या उत्पन्नासाठी, खर्चासाठी आणि मालमत्तेसाठी येतो. होळकरांची 'दौलत' वेगळी आणि 'खासगी' वेगळी. म्हणजे हा शब्द मुळात थोरामोठ्यांच्या विशेषाधिकाराचा. सामान्यांना 'चारचौघे' होते. जो स्वतःचे स्वतःपाशी ठेवतो तो 'आतल्या गाठीचा', ही काही स्तुती नव्हे. वाड्यात ओसरी, माजघर, देवघर अशी आतबाहेरची उतरंड होती खरी; ती कुटुंबाची अब्रू राखण्यासाठी होती, कुटुंबातल्या एकेका माणसासाठी नव्हती. खासगीपणाच्या हक्काविषयी स्त्रीवादी विचारवंतांनी जो संशय व्यक्त केला त्याचे मूळ येथे आहे. घराच्या भिंतीआड काय चालते हे राज्याने पाहू नये, असे म्हणताच ज्याच्या हाती घर आहे त्याला अभय मिळते.

हा संशय रास्त आहे. पण त्याने खासगीपणाचा हक्क बाद होत नाही, तर तो हक्क घराच्या ऐवजी व्यक्तीच्या ठायी ठेवावा लागतो, हे दाखविणारे दोन दाखले मराठी भाषकांच्याच इतिहासात आहेत. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये पत्नीचा ताबा मागण्यासाठी मुंबईत दावा लावला. खटला उभा असताना, १८८५ मध्ये, रखमाबाईंनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाह आणि वैधव्य यांच्याविषयी पत्रे लिहिली. त्या पत्रांखाली त्यांचे नाव नव्हते. सही होती 'एक हिंदू स्त्री' या अर्थाची. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असा पर्याय दिला आणि त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड झाली. ज्या स्त्रीचे नाव खटल्यामुळे साऱ्या मुंबई इलाख्यात चर्चेचा विषय झाले होते तिला स्वतःच्या शब्दांत बोलण्यासाठी निनावीपणाचा आडोसा घ्यावा लागला. दावा तिच्याविषयी होता, पत्रे तिची होती, आणि दोहोंमधले अंतर राखण्याचे काम त्या निनावी सहीने केले.

दुसरा दाखला बेबी कांबळे यांचा. 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील कागद वाचीत त्या वाचावयास शिकलेल्या गोष्टी जिवंत ठेवीत होत्या, आणि जे लिहिले ते त्यांनी सुमारे वीस वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. त्यांनी हे पुढे मुलाखतीत सांगितलेले आहे. मराठीतील एका महत्त्वाच्या आत्मकथनाचे हस्तलिखित वीस वर्षे घरातल्या घरात दडून राहिले. येथे लपविणे हे काही दडपण्यासाठी नाही. अजून पूर्ण न झालेल्या निवेदनाला परक्या नजरेपासून वाचविण्यासाठी आहे. 'लपवतोस कशाला' असे विचारणाऱ्याला या उदाहरणाने उत्तर मिळते : लिहावयाचे असते म्हणून.

येथे एक अडचण उपस्थित होते आणि ती टाळता येण्यासारखी नाही. आत्मकथन लिहिणारा केवळ स्वतःविषयी लिहीत नाही. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या पुस्तकात आईचे आयुष्य आहे. मल्लिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) मध्ये नवऱ्याचे आहे. त्यांची संमती कोणी घेतली? स्वतःच्या निवेदनातील वाटा हा जर हक्क असेल तर तो आईलाही आहे. आत्मकथनाच्या समर्थकांनी या प्रश्नाला बहुधा सत्याचा हवाला देऊन उत्तर दिले, आणि ते उत्तर अपुरे आहे; सत्याचा हवाला पोलीसही देतात. भेद असलाच तर तो उत्तरदायित्वाचा आहे. आत्मकथनावर लेखकाचे नाव असते, ते बाजारात मिळते, दुखावलेला माणूस ते वाचू शकतो, त्याला जाहीर उत्तर देऊ शकतो, त्याच्या लेखकाला तोंडावर दूषणे देऊ शकतो. ज्या आईला वाचता येत नाही तिच्या बाबतीत हा भेदही पुसट होतो, हे मान्य केले पाहिजे.

ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या राजगोपाल खटल्यात हीच अडचण विलक्षण रीतीने उलटून समोर आली. तामिळनाडूतील 'ऑटो शंकर' या फाशीची शिक्षा झालेल्या खुन्याने तुरुंगात आत्मचरित्र लिहिले होते आणि त्यात अधिकाऱ्यांशी असलेल्या लागेबांध्यांचा उल्लेख होता. 'नक्कीरन' हे नियतकालिक ते छापू पाहत होते. तुरुंग अधिकाऱ्यांनी हे लेखन शंकरचे नाहीच, असे कळवून छपाई रोखण्याचा प्रयत्न केला. ज्या माणसाविषयी राज्यापाशी कागदांचे ढीग होते त्याने राज्याच्या नोकरांविषयी लिहिताच ते लेखन अनधिकृत ठरले. न्यायालयाने खासगीपणाला एकटे राहू देण्याचा हक्क म्हणून मान्यता दिली. सार्वजनिक अभिलेखात जे आलेले आहे ते छापण्यास संमती लागत नाही, असे सांगितले. आणि बदनामी होईल या भीतीने अधिकाऱ्यांना प्रकाशन आधीच थांबविता येणार नाही, असेही ठरविले. न्यायालयाचा हा 'सार्वजनिक अभिलेखा'चा अपवाद व्यवहार्य आहे. मात्र ज्याचे सारे आयुष्यच अभिलेखात गेलेले आहे त्याच्या खासगीपणाचे काय उरते, हे तो सांगत नाही.

नव्या यंत्रांविषयी जे बोलले जाते त्यात नावीन्याचा भाग थोडा आणि सातत्याचा अधिक आहे. दूरध्वनी ऐकण्याविषयी 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज'च्या याचिकेवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधने घातली : गृहसचिवाचा आदेश हवा, मुदत हवी, आढावा घेणारी समिती हवी. समिती अधिकाऱ्यांची. ज्याचे बोलणे ऐकले त्याला ते मागाहून तरी कळवावे, अशी तरतूद त्यात नाही. २०२१ मध्ये 'पेगासस' प्रकरणी नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. त्यांपैकी ५ फोनमध्ये घातक प्रणाली आढळली, ती पेगाससच होती हे सिद्ध झाले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. २०२२ च्या फौजदारी ओळख कायद्याने ठशांबरोबर बुबुळे, सही आणि हस्ताक्षर यांचेही नमुने घेण्यास मुभा दिली. नोंदी ७५ वर्षे ठेवावयाच्या आहेत. २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याने नागरिकाला आपल्याविषयीची माहिती पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा अधिकार दिला, पण सुरक्षेच्या कारणास्तव शासकीय यंत्रणांना त्यातून वगळण्याची वाटही त्याच कायद्यात ठेवलेली आहे. सातबाराचे तत्त्व येथेही माणसापर्यंत पुरते पोहोचत नाही.

खरोखर नवे आहे ते एवढेच की, आता वाचकच नसलेले वाचन शक्य झाले आहे. ठाणेदाराच्या वहीतील 'इसम' निदान कोणाच्या तरी हस्ताक्षरात होता. अक्षर लावणारा माणूस पूर्वग्रहदूषित असे, लाचखाऊ असे, क्वचित दयाळूही असे. त्याच्याशी भांडता येत होते. यंत्र शेकडो व्यवहारांतून संभाव्यतेचे एक पात्र जुळविते आणि त्या पात्राला कोणीच निवेदक नसतो. यावर असे म्हणता येईल की, माणूसच वाचत नसेल तर लज्जेचा आणि अपमानाचा प्रश्न कोठे येतो? बाख्तिनचा विचार मान्य केला तर हा आक्षेप टिकत नाही. परस्पर पूर्ण केले जाण्यातला अन्याय पाहणाऱ्याच्या मनात घडत नाही, तो ज्याला पूर्ण केले त्याच्या संधीत घडतो. उत्तर कोणाला द्यावयाचे हेच कळेनासे झाले की ती संधी अधिकच आक्रसते.

अलीकडच्या काही निकालांत 'लिहिले जाणे' हा स्वतंत्र अन्याय म्हणून न्यायालयाच्या दृष्टीस पडू लागला आहे. मे २०२४ मध्ये दिल्लीतील एका आमदाराच्या 'हिस्ट्रीशीट'विषयी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून विषय व्यापक केला. मागास आणि वंचित समूहांतील निरपराध माणसांच्या नोंदी यांत्रिकपणे अशा कागदांत जातात, त्याची तपासणी सर्व राज्यांनी करावी असे सुचविले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगांतील जातिनिष्ठ कामवाटप घटनाबाह्य ठरले. विमुक्त जमातींना 'सराईत' मानणारे नियम गेले, आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला.

जुन्या वह्यांचा प्रश्न त्या खटल्यापुढे नव्हता. तो अभ्यासकांपुढे मात्र आहे, आणि त्यात साहित्याचा अभ्यासक निर्दोष नाही. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याने सरकारने पुस्तकांच्या तिमाही याद्या करावयास घेतल्या. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून देशी वृत्तपत्रांचे गोपनीय इंग्रजी सारांश दर आठवड्याला तयार होऊ लागले. मराठी वृत्तपत्रांचा सर्वांत नियमित आणि सर्वांत बारकाईने वाचणारा वाचक त्या काळी सरकार होते. आज एकोणिसाव्या शतकातील हरवलेल्या पुस्तकांचा आणि अंकांचा माग याच याद्यांतून काढला जातो. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डॉ. आंबेडकरविषयक साधनग्रंथात पोलिसांच्या गुप्त अहवालांचा उपयोग झालेला आहे. पाळतीवरील शिपायाने टिपून घेतले म्हणून काही सभांची भाषणे उरली. तेथे निदान बाबासाहेबांचे स्वतःचे विपुल लेखन शेजारी उभे आहे आणि शिपायाची टिपणे त्याच्याशी ताडून पाहता येतात. सेटलमेंटच्या वहीतील माणसाचे दुसरे काहीच शेजारी नाही. त्याचे नाव संशोधनात छापावे तर ती नोंद पुन्हा एकदा, आता विद्यापीठाच्या मान्यतेने, प्रसृत होते. झाकावे तर ज्या एका जागी तो नावानिशी उरला तेथूनही तो जातो. नातवंडे हयात आहेत, त्याच शहरांत आहेत, आणि पुराभिलेखागाराच्या वाचनकक्षात प्रवेश मिळविण्यासाठी लागणारे शिफारसपत्र बहुधा अभ्यासकाच्याच हाती असते. ती पाने छापण्याआधी त्यांना वाचून दाखवावीत, त्यांची हरकत असल्यास ती त्याच पानावर छापावी, अशी पद्धत मराठी संशोधनात रूढ नाही. फेरफाराच्या नोटिशीसारखी ती साधी गोष्ट आहे.